गोदावरी हेरिटेज रेल्वे, मखमलाबाद

रविवार, १२ मार्च २००६

निर्णय झाला. रेल्वे काढायची. स्वतःची.

रिटायर होऊन आठ महिने झाले. नाशिकरोडच्या पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं नग मोजले. द्राक्षं, फुलं, कोंबड्या, एकदा एका बँडवाल्याचा ढोल. नग मोजा, लेबल चिकटवा, पावती फाडा. व्हायचं होतं गार्ड. तीनदा परीक्षा दिली. तिन्ही वेळा पेपर काढणाऱ्याला रेल्वेतलं काही कळत नव्हतं. एकदा तरी आपण हिरवा झेंडा दाखवावा आणि आपल्या हुकमानं गाडी सुटावी, एवढंच मागणं होतं. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून हे लिहितो.

आज पेपरात लेख होता. हेरिटेज रेल्वेला म्हणे उज्ज्वल भविष्य. दार्जिलिंगला युनेस्कोनं मानलं, गेल्या वर्षी निलगिरीलाही मानलं. माथेरानची गाडी गेल्या जुलैच्या पावसापासून बंद. म्हणजे माथेरानला जाणारी शेकडो माणसं सध्या मोकळी बसलीत. नाशिकला यायला त्यांना फक्त कारण हवंय.

शिवाय नाशकात पूर्वी घोड्यांची ट्राम होतीच, मेनरोडपासून स्टेशनपर्यंत. हेरिटेज आपल्याकडे आहे. रेल्वे तेवढी नाही.

घरी बायकोला, छायाला, अजून बोललो नाही. योग्य वेळ पाहून सांगू.

गुरुवार, ३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड वाढताना सांगितलं. सांगणं भागच होतं. सव्वा एकर जमीन सासऱ्यांनी तिच्या नावावर केलेली.

तिनं विचारलं, रूळ कुठून कुठे? म्हटलं, रस्त्याच्या फाटकापासून विहिरीपर्यंत, बांधाच्या कडेनं, साडेचारशे फूट. ती म्हणाली, विहिरीवर बघण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, दार्जिलिंगला तरी काय आहे? दार्जिलिंगला आम्ही दोघंही गेलेलो नाही.

अट एकच घातली. जुलैत झेंडू लागणार, दसऱ्याला निघणार, वर्षाचं मुख्य पीक तेच, त्याला हात लावायचा नाही. देवासमोर वचन दिलं. एकतीस वर्षं फुलांच्या करंड्या मोजलेला माणूस आपणहून फुलांना कशाला हात लावेल?

सोमवार, १७ एप्रिल

अंबडच्या भंगार बाजारात एका बंद खडीच्या खाणीचे रूळ मिळाले. सोबत दोन ट्रॉल्या. गंज भरपूर. दुकानदार म्हणाला, घासून देतो. मी ओरडलोच, हात लावू नका, हेरिटेज आहे! त्यानं भाव वाढवला.

बुधवार, २४ मे

रूळ बसले. फॅब्रिकेशनवाल्या गोरक्षनं एका ट्रॉलीवर विहिरीचं डिझेल इंजिन चढवलं. दुसरी ट्रॉली प्रवाशांची, तीत बाक. मागे गार्डला उभं राहायला फळी.

छाया म्हणाली, भारनियमनात पाणी कशानं काढू? म्हटलं, तात्पुरतं आहे.

ब्रेक म्हणजे पायानं दाबायचा बाभळीचा ठोकळा. गोरक्ष म्हणाला, साहेब, फाटकापासून विहिरीकडं उतार लय हे. मी म्हणालो, इंजिनियर तू का मी? तो म्हणाला, दोघंबी नाय. कारागीर चांगला, पण तोंडानं फटकळ.

विहिरीजवळच्या स्टेशनाला ‘गोदावरी टर्मिनस’ नाव दिलं. नदी तिथून लांब आहे, पण पाणी शेवटी एकच. हौदाच्या सांडपाण्यावर छायाचं अळू कंबरेएवढं फोफावलंय. लँडस्केपिंग म्हणून राहू दिलं.

शनिवार, १० जून, सकाळी ६.३०

ट्रायल रन यशस्वी! ब्रेक फर्स्टक्लास. वेग साधारण सुलाबाईच्या चालीइतका. सुलाबाई आमच्याकडे शेतात कामाला असते. डोक्यावर खताची पाटी घेऊन शेजारून चालली होती. दोनदा पुढे गेली.

नंतर म्हणाली, भाऊ, गाडी रिकामीच जाती, तर माझी पाटी तरी ठिवू का? मान दुखती. मी तिला नीट समजावलं. बाई, ही प्रवासी गाडी आहे, हिच्यात पार्सल चढणार नाही. वहीत नियम म्हणून लिहून ठेवतो. नियम पहिला: पार्सल बंद. नियम दुसरा सुचेल तेव्हा.

रविवार, २० ऑगस्ट

टाइमटेबल लावल्याला महिना झाला. रोज सहा फेऱ्या. आजपर्यंतचे प्रवासी: शून्य. पावसाळा आहे.

आज मात्र मोठी संधी आली. पुण्याची गाडी फाटकाशी थांबली. त्यांना गंगापूर धरणाकडे वाईन कुठे मिळते ते हवं होतं. मी तिकिटं दाखवली. म्हणाले, येताना बघू. सहा वाजेपर्यंत झेंडा घेऊन उभा राहिलो. दुसऱ्या रस्त्यानं गेले असावेत.

लोक नासलेला द्राक्षरस प्यायला दीडशे मैल येतात आणि आगगाडी समोर असून बसत नाहीत. देशाचं कठीण आहे.

मंगळवार, १२ सप्टेंबर

पर्यटन खात्याच्या साहेबांना पाठवलेलं आठवं पत्र लागू पडलं! खंडेनवमीला मखमलाबादला मेहुण्याकडे येणार आहेत. जाता जाता अर्धा तास काढतील. त्यांनी एक शिफारस केली की काम झालं. बोर्ड, जाहिरात, शाळांच्या सहली. मग गार्डाचा युनिफॉर्मही शिवून टाकू.

छायाला सांगितलं. ती म्हणाली, त्याच दिवशी अकरा वाजता झेंडू न्यायला टेम्पो येणार, मध्ये येऊ नका. हिला प्रसंगाचं गांभीर्य नाही.

शनिवार, ३० सप्टेंबर, दुपारी ४

झेंडू तोडून झाला. विहिरीजवळच्या मांडवात त्रेचाळीस क्रेट रचलेत. छाया फुलबाजारात जागा धरायला गेलीय.

बसल्या बसल्या विचार केला. खंडेनवमीला आपण हत्यारांना, यंत्रांना, गाड्यांना झेंडू वाहतो. सुताराच्या करवतीला हार, रिक्षाला हार. मग रेल्वेला? इंजिनाला हार तर घालायचाच. पण रेल्वेचं मुख्य हत्यार रूळ. त्यांना उघडं ठेवलं तर साहेब काय म्हणतील, आणि देव काय म्हणेल?

वचन आठवलं. पण वचन शेतातल्या झेंडूबद्दल होतं. हा क्रेटमधला.

सुलाबाईला आणि कामाच्या आणखी दोघींना ओवायला बसवलं. सुलाबाई म्हणाली, बाई लय रागावतील, भाऊ. मी म्हणालो, आनंदानं रडतील. अकरा क्रेट लागले. दोन्ही रुळांवर या टोकापासून त्या टोकापर्यंत हार. काय दिसतंय! डोळ्यांत पाणी आलं.

रविवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळी ७

छायानं रूळ बघितले. मग मांडवातले क्रेट मोजले. पुन्हा एकदा मोजले. भारावली असावी.

त्याच दिवशी, रात्री ९

हाताला खाज आहे, अक्षर वाईट येतंय.

साहेब दहा चाळीसला आले. पांढरा सफारी. इंजिनाची पूजा केली, रिवाजाप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली, साहेबांच्या हातात मानाचा नारळ दिला. ते बाकावर बसले. गोरक्ष इंजिनावर. मी मागच्या फळीवर चढलो, शिट्टी वाजवली आणि हिरवा झेंडा दाखवला.

गाडी सुटली. माझ्या हुकमानं. पहिले शंभर फूट मी जगातला सर्वांत सुखी माणूस होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहावंसं वाटत नाही.

झेंडू चाकाखाली आला की त्याचा गुळगुळीत चिखल होतो. हे रेल्वेच्या एकाही पुस्तकात नाही. उतार लागला, गोरक्षनं ब्रेक दाबला आणि ओरडला, साहेब, चाकं थांबली, गाडी नाय थांबली! सुलाबाई शेजारून चालत होती. ती या वेळी मागे पडली.

गाडी गोदावरी टर्मिनसवर थांबली नाही. पुढे अळवात गेली. साहेब कंबरेएवढ्या अळवात उभे, अंगावर चुरगळलेली पानं, हातात नारळ तसाच. त्यांनी तो सोडला नाही, हा त्यांचा मोठेपणा. मग खाज सुटली. साहेबांना, गोरक्षला, मला. छायानं चिंच कोळून आणली, साहेबांच्या हातापायांना चोळायला दिली. जाताना ते म्हणाले, अभिप्राय कळवतो. खाजवत म्हणाले, पण एकूण सूर सकारात्मक वाटला.

तेवढ्यात टेम्पो आला. बत्तीस क्रेट मांडवात, टेम्पो वर फाटकाशी, आणि सुलाबाईसकट सगळ्या बाया अळवातून ट्रॉल्या ओढून काढण्यात गुंतलेल्या. माणसाच्या डोक्यावरून न्यायचे तर बाजार उठला असता.

छाया माझ्याकडे आली. म्हणाली, अहो, बाजूला व्हा. चुलीतली राख आणून तिनं रुळांवर टाकली. बाक उपटला. आठ-आठ क्रेट चढवले. गोरक्षनं इंजिन चालू केलं. चार फेऱ्यांत सगळा माल फाटकावर. राखेवरून चाक घसरत नाही हे तिला माहीत होतं, तर कालच सांगायला हवं होतं.

मी नियम पहिला वाचून दाखवला. कुणी ऐकलं नाही.

संध्याकाळी ती बाजारातून आली तेव्हा विचारलं, रागावलीस का? ती म्हणाली, तुम्ही देवासमोर बोलला होता. एवढंच. मला वाईट वाटलं. क्रेटचा मुद्दा काढला नाही.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

साहेबांचं पत्र आलं. सुरक्षिततेच्या दृष्टीनं प्रवासी वाहतूक करू नये, मालवाहतुकीस हरकत नाही. ‘प्रवासी वाहतूक करू नये’ हे सध्यापुरतं असणार.

छायानं पत्राला फ्रेम केली. दिवाळीचा झेंडू निघतोय. शेजारच्या दोन मळ्यांचे क्रेटही आता आपल्याच गाडीनं जातात. सुलाबाईची मान दुखायची थांबलीय. आठवड्यात सत्तावीस फेऱ्या झाल्या, एकही लेट नाही. भारनियमन आलं की इंजिन उतरवून विहिरीवर नेतात.

क्रेटची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा छाया म्हणाली, तुम्हाला येतं ते करा ना. मांडवात टेबल टाकून दिलं. माझ्या जुन्या लेबलांचा गठ्ठा माळ्यावरून काढून दिला. आणि म्हणाली, झेंडा सुलाबाईकडे द्या, तिला फाटकावरून टेम्पो दिसतो.

तात्पुरतं आहे. दिला.

आज सकाळची गाडी सात दहाची. झेंडू, नग चौतीस. मोजून घेतले, लेबलं चिकटवली. वर फाटकाशी सुलाबाईनं हिरवा झेंडा दाखवला आणि गाडी सुटली. मी पावती फाडली.