सकाळची पहिली नोंद

३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? जिभेची चौकशी करत नाही, ती ठणठणीत असणारच.

आपल्या हातगोळ्याला तीस वर्षं झाली म्हणून दारूगोळा कारखाना पुस्तक काढतोय. जुन्या गोळ्याचे तुकडे फेकणाऱ्यालाच लागायचे, मग मी कवच बदललं, नवा खटका बसवला, ते सगळं लिहून झालंय. सुरक्षिततेचा मजकूर तेवढा तुझ्या सहीने जायचाय, तपासणी विभाग तुझाच होता. मीच लिहून ठेवलाय: एकाही खेपेत दोष नाही, एकमेव अपघात झाला तो जवानांना सराव देणाऱ्या उस्तादाच्या निष्काळजीपणामुळे. सही करून लगेच धाड.

तुझ्या मायेचा हक्कदार,
भाऊ

१० मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

कागद सहीविना परत पाठवते आहे. तीस वर्षं या वाक्याला मान डोलावली, तेवढं पुरे.

आमच्या शेडमधली रीत तुला ठाऊक आहे. खटका सुटल्यावर चार सेकंदांनी गोळा फुटायला हवा. स्टॉपवॉच धरणाऱ्या मुलीचा हात सकाळी बसलेला नसतो, म्हणून दिवसाची पहिली नोंद धरायची नाही. ही रीत मीच पाडली. अपघातातल्या त्या खेपेची पहिली नोंद अडीच सेकंदांची होती. मुलगी म्हणाली, बाई, माझा हात चुकलेला नाही. माझ्या कानांनाही ते कळलं होतं. तरी तिला गप्प बसवलं आणि कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी छडीने वळवलेल्या सुरेख अक्षरात 'हात बसला नव्हता' असं लिहून नोंद कापली. खेप नापास झाली असती तर या गोळ्यासाठीचं तुझं पदक लांबलं असतं.

दोन महिन्यांनी त्याच खेपेतल्या गोळ्याने उस्तादाचा उजवा हात गेला. त्याने गोळा फार वेळ धरून ठेवला, असं चौकशीत ठरलं. मी समोर बसले होते, तोंड उघडलं नाही. वहीचं ते पान निवृत्त होताना चोरून आणलं. आता ते वर पाठवणार आहे.

रागावलास तरी तुझीच,
ताई

१६ मार्च

ताई,

आज नमस्कार लिहायची लाज वाटते.

पुस्तक निघेपर्यंत तरी थांब. उस्तादाचं सायकलींचं दुकान बरं चाललंय म्हणतात. माझी नात परवाच शाळेत पदक दाखवून आली, तिला काय सांगू? आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. ती मुलगी, तू नोंद कापलीस त्याच दुपारी माझ्याकडे तक्रार घेऊन आली होती. मी तिची बदली केली.

भाऊ

२५ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पाणी गोड लागलं नाही. मग उस्तादाच्या दुकानी गेले. शिव्या खायची तयारी करून गेले होते.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, खटका सुटताच मी फेकायला हात उचलला होता असं मला वाटायचं. पण इतक्या लोकांनी सांगितलं की शेवटी मीही मानलं, चूक माझीच. त्या वेळी समोर उभ्या असलेल्या जवानाचा जीव आपण धोक्यात घातला म्हणून तो अजून दर वर्षी पत्राने त्याची माफी मागतो.

मग त्याने बायकोला बाहेर बोलावलं. तिला कमी ऐकू येतं. त्याने मला तेच पुन्हा, मोठ्याने सांगायला लावलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मी ओरडून सांगितलं, "दोष गोळ्यात होता. यांच्या हातात नव्हता."

पान आज माझ्या कबुलीजबाबासह वर रवाना केलं. माझ्या सहीखाली तुझ्या सहीपुरती जागा सोडून त्या जबाबाची नक्कल सोबत जोडली आहे.

नातं तुटू देऊ नकोस,
ताई