इस्त्रीच्या प्लगवरची गाडी

प्रिय बाबा,

तुम्हाला आणि आईला धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? आणि तुम्ही अजून गॅरेजात गाडीखाली शिरता का? आता पुरे करा.

माझी गाडी बंद पडली असं ताईने सांगितलंच असेल, पण ती बंद पडली नव्हती. आवाज न करणाऱ्या गाडीवर तुमचा भरवसा नाही, म्हणून खरं काय ते लिहिते. परवा दुपारी कामावरून येताना बॅटरी चार टक्क्यांवर आली आणि नेहमीचं चार्जिंगचं यंत्र नेमकं बिघडलेलं. समोर शिवणकामाचं दुकान होतं. धीर करून आत गेले आणि शिंपीणबाईंना विचारलं, "माझ्या गाडीला जरा वीज मिळेल का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "इस्त्रीचा प्लग काढते. वायर खिडकीतून पोचते का बघा."

पोचली! पण घर गाठण्यापुरती बॅटरी भरायला दोन तास लागले. बाईंनी मला स्टुलावर बसवून बटणं लावायला दिली. मी बटणं लावत तुमच्याबद्दल, आईबद्दल बोलत सुटले. शेवटी घसा बसला. इथे आल्यापासून इतकं कुणाशी बोललेच नव्हते. काळजी करू नका, जेवण वेळेवर होतं.

निघताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी बॅटरी संपायची वाट बघू नका."

आज सुट्टी होती. यंत्र दुरुस्त झालंय, बॅटरीही पूर्ण भरलेली होती. तरी गेले.

तुमची लाडकी,
धाकटी