आत्याची काकडी आणि माझं प्रमोशन

२ मार्च
आत्याकडे जेवलो. तिच्या परसातली काकडी कधी म्हणजे कधी कडू निघत नाही! चाळीस वर्षं स्वतःच बी राखतेय. आणि आम्ही बियाणं कंपनीतले शहाणे सात वर्षं झक मारतोय. निश्चय: हे वाण मी कंपनीत आणणार. प्रमोशन खिशात.

४ मार्च
साहेब म्हणाले, आधी बी राखणाऱ्या बाईंची लेखी परवानगी, फायद्यात त्यांचा वाटा, मग बाकीचं. फॉर्म चार पानी! म्हटलं, साहेब, घरचाच मामला आहे.

६ मार्च
आत्याला विचारणार होतो, पण ती फार प्रश्न विचारते. तिची सही मीच केली. तिच्यापेक्षा वळणदार आलीय. वाट्याच्या रकान्यात लिहिलं: भाच्याची प्रगती पाहण्याचं समाधान.

७ मार्च, दुपारी
हाफ डे. आत्या झोपलेली. परसातून सहा काकड्या उचलल्या. कोवळ्या, हिरव्यागार, नंबर एक. कुंपणाशी एक पिवळं, फुगलेलं धूड होतं, त्याला कुणीतरी दोरा बांधलेला. हातही लावला नाही. पारखी नजर लागते या कामाला.

८ मार्च
लॅबमध्ये बी पेरलं. बायको म्हणाली, आत्यांना सांगितलंत का? हिला सरप्राइज कशाला म्हणतात तेच ठाऊक नाही.

१९ मार्च
उगवलं नाही. लॅबची माती भिकार.

२९ मार्च
शून्य. साहेबांना सांगितलं, दुर्मीळ वाण लाजाळू असतात.

२ एप्रिल
घात झाला. साहेब आभार मानायला थेट आत्याकडे निघाले, मलाही नेलं. आत्याने चष्मा लावून फॉर्मची चारही पानं वाचली. ही सही कुणाची, म्हणाली. मग मला म्हणाली, मेल्या, कोवळ्या काकडीचं बी कधी रुजतं का? बियाण्याची काकडी वेलावर पिवळी होऊ द्यावी लागते, म्हणून तर दोरा बांधला होता. मागितलं असतंस तर मूठभर हातावर ठेवलं असतं. विचारलं का नाहीस? चहा फक्त साहेबांना दिला. फार वाईट वाटलं. चहाचं नाही.

९ एप्रिल
नवा करार. खरी सही, जरा वाकडी. वाणाला आत्याचं नाव. गल्लीत सगळ्यांना बी कायम फुकट. शिवाय तिची एक अट: परसाला पाणी घालायला दर रविवारी कंपनीचा एक माणूस. साहेब म्हणाले, माणूस आहे. प्रमोशनचा विषय मी काढला नाही.

१३ एप्रिल, रविवार, सकाळी सात
पाणी घातलं. आत्याने हातात दोरा दिला. कुठल्या काकडीला बांधू, ते विचारलं. तिने सगळ्यात वेडीवाकडी दाखवली. बांधला.