दर दुसऱ्या रविवारचं पाणी

२३ मार्च, रवि.
राई गाव. जनीकाकीच्या खाडीकाठच्या विहिरीचं पाचवं रीडिंग. क्षार परत कमी! दर दुसऱ्या रविवारी एक, असे पाच बिंदू, रेघ सरळ खाली. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट तरला. काकीला तिथेच सांगून टाकलं, विहीर गोडी होतेय. तिचे डोळे भरले. मुलगा वाडी बिल्डरला द्यायला निघालाय, फक्त हिची सही बाकी. पाणी गोडं राहिलं तर देणार नाही म्हणाली. वांगी लावतेय.

३० मार्च, पाडवा
माझा रविवार नव्हता, काकीने जेवायला बोलावलेलं. क्षार मोजायचा मीटर पर्समध्ये होताच. आकडा दुप्पट! धुऊन पुन्हा घेतला, तोच. काकी म्हणाली, "तू येतंस तवा दर येळी भांगच असतं. काल आवस झाली, आता उधान हाय. खारी चढनारच."
आधी का नाही बोललीस?
"मला वाटला, मशिनीला ठावं असंल."
भांगाची भरती लहान, अष्टमीच्या आसपास. उधाण अवस-पुनवेला. त्यांचा फेरा पंधरवड्याचा, माझाही! म्हणजे दर खेपेला मी चढउताराच्या तळाशीच, आणि थोडी थोडी तळाकडे सरकत. खाली जाणारी रेघ माझ्या रविवारांची होती, विहिरीची नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. लाज वाटतेय, पण मजा त्याहून जास्त. उद्यापासून रोज जाणार.

७ एप्रिल
उतरला! काकी म्हणाली तस्साच. सर म्हणतात मीटर बिघडलाय, सरासरी घे. मुळीच नाही.

१४ एप्रिल
पुनवेनंतर परत वर. लाट!! बसमध्येच ग्राफ काढला. शेजारच्या बाई, "शेअर मार्केट है क्या?" म्हटलं, कुआँ है. काकी आता वांगी भांगातच शिंपते.

१८ एप्रिल
लाटेच्या नादात तळ बघितलेच नव्हते. मार्चचा एक, एप्रिलचा एक. एप्रिलचा किंचित वर. खाडी आत शिरतेय? की उन्हाळ्याने पाणी आटलंय, एवढंच? दोन बिंदूंतून हवी ती रेघ निघते. एकदा तोंडावर आपटलेय.
गेले तर मुलगा कागद मांडून बसलेला. काकीने मलाच विचारलं, "सही करू का नको?"
म्हटलं, काकी, माहीत नाही. अजून एक भांग बघायला हवं.
तिने पेन मुलाच्या हातात परत दिलं. "आठम होऊ दे. हिला मोजू दे."
तो माझ्याकडे वळला. "सोमवारी अष्टमीला मोजशील तेव्हा मी इथेच उभा राहणार."
राहा म्हटलं.