ब्रेक दाबला की हात धरतंय

१७ नोव्हेंबर

आलो एकदाचा! पौडच्या पुढं, धरणाजवळच्या माले गावात आता माझं स्वतःचं गॅरेज. बार्शीत वीस वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये पाने फिरवले, आता पाटीवर माझं नाव: दयानंद मिस्त्री. रस्त्यापलीकडच्या खाचरांत भाताची झोडणी चाललीय, सगळं भूस माझ्या नाकात, शिंकून शिंकून बेजार. पण मन खुशीत आहे. शेडचे मालक किशोरराव शेजारीच राहतात. त्यांच्या बायकोनं, जयावहिनींनी, पहिल्याच दिवशी गरम भात नि सुकटीची चटणी धाडली. माणसं बरी दिसतात.

पुण्यात नर्सिंगला असलेली आमची जुईली नाताळच्या सुट्टीत येणार. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. पप्पा, गाडी शिकवा, म्हणून दोन वर्षं डोकं खातेय. मिस्त्रीची पोरगी नि गाडी येत नाही, लोक हसतील की. तेवढ्यासाठी तरी एक गाडी हवी बुवा.

२० नोव्हेंबर

किशोरराव त्यांची पांढरी गाडी घेऊन आले. दोन वर्षं ताडपत्रीखाली होती, पुढचा पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला. पोरीची हाय, म्हणाले, तिला आता लागत न्हाई. मी समजलो, लग्न होऊन गेली असेल. दुरुस्त करा नि तुमच्या जुईलीला शिकवायला वापरा, हितं उभी राहून सडतीया, असंही म्हणाले. आता बोला! देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. तक्रार एकच सांगितली: मिस्त्री, ब्रेक दाबला की हात धरतंय.

गावाकडचं बोलणं आपण समजून घ्यायचं. वहीत लिहिलं: ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं.

हे दुखणं मी झोपेतही ओळखीन. नुसत्या वेगात थरथरली तर चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. ब्रेकलाच थरथरली तर डिस्क वाकडी. त्यातही बूड हललं तर मागची, हात हलले तर पुढची. एका दिवसाचं काम.

२४ नोव्हेंबर

पुढच्या दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे. बसवण्याआधी हबवरचा गंज घासून काढला; आळशी मिस्त्री इथंच गचके खातात. डिस्क सरळ फिरते का बघायला डायल लावला, काटा जागचा हलेना. ऐटीत पौडच्या रस्त्याला घेतली. साठवर ब्रेक मारला.

थरथर! तीच, जशीच्या तशी. किशोररावांना तोंड दाखवायची लाज वाटली.

२९ नोव्हेंबर

कॅलिपरच्या पिना बदलून झाल्या, टाय रॉड झाले, बुश झाले. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, असं चाललंय माझं.

आज रेडिओ बंद करून नीट लक्ष देऊन चालवली. डिस्कची थरथर चाकाच्या तालावर असते, वेग उतरला की तीही उतरते. ही उलटी आहे. वेग उतरेल तशी वाढते. गाडी थांबली तेव्हा सगळ्यात जास्त. मी इंजिन बंद केलं, ब्रेकवर पाय तसाच ठेवला.

चाकं उभी, इंजिन बंद, आणि स्टिअरिंग थरथरत होतं. पाय काढला, थांबलं. पाय ठेवला, सुरू. वीस वर्षांत असा दोष पाहिला नाही. यंत्राची थरथर एकसारखी असते. ही घाबरलेल्या माणसाच्या हातांसारखी होती, मध्येच वाढणारी, मध्येच आवरून धरलेली.

२ डिसेंबर

जयावहिनी शेडमध्ये आल्या. जरा बसू का गाडीत, म्हणाल्या. डावीकडे बसल्या, मला ब्रेक दाबायला लावला आणि थरथरत्या स्टिअरिंगवर आपला हात ठेवला. थरथर थांबली. पार थांबली.

मग त्यांनी सांगितलं. सृष्टी त्यांची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी या गाडीवर शिकत होती, एकोणीस वर्षांची. ब्रेक मारायच्या वेळी तिचे हात कापायचे, म्हणून किशोरराव डावीकडून तिच्या हातावर हात ठेवायचे. एक दिवस चिडले, कवर हात धरू तुजा, म्हणाले, आणि हात काढून घेतला. पुढच्या वळणावर ब्रेकऐवजी तिचा पाय दुसरीकडंच पडला. पुलाचा कठडा. किशोरराव एकटेच चालत घरी आले.

लई भ्यालंय वो ते अजून, वहिनी म्हणाल्या, म्हणून हात धरतंय.

मी मूर्ख. 'धरतंय' म्हणजे स्टिअरिंग, असं समजून वहीत लिहून मोकळा झालो. किशोरराव लेकराबद्दल बोलत होते. लेकरू हात धरतंय.

दुरुस्त करू नका, मी रोज येऊन बसंन, म्हणाल्या. त्या गेल्यावर मी शेडचं दार ओढून रडलो. आमची जुईलीही एकोणीसचीच आहे.

९ डिसेंबर

वहिनी रोज सकाळी येतात, दिवेलागणीपर्यंत गाडीत. जेवत नाहीत. आज किशोररावांनी माझे पाय धरले. काढा ते ष्टेरिंग मिस्त्री, न्हाईतर ही बी जाईल माझी. हात मी काढला तवा, शिक्षा हिला नगं.

काय करणार? स्टिअरिंगचं चाक, खालचा दांडा, सगळं काढलं, नवं बसवलं. जुनं किशोररावांनी धरणात टाकलं. वीस वेळा ब्रेक मारून पाहिला, एकदाही थरथर नाही. जुना भाग गेला की दोषही गेला, आमच्या धंद्याचा नियमच आहे.

वहिनींनी नव्या स्टिअरिंगवर हात ठेवून बघितला. रागावल्या नाहीत. कुटं गेलं असंल वो ते, एवढंच विचारलं.

२० डिसेंबर

जुईली आली! गाडी साफ बरी झालीय, मग भ्यायचं कशाला? मीच तिला बसवलं. तीन फेऱ्या केल्या. पठ्ठीनं पहिल्याच दिवशी छान ब्रेक मारला. पप्पा, तुम्ही उगाच घाबरता, म्हणाली.

२२ डिसेंबर

चहा सांडला तिच्या हातून. थंडी आहे, म्हणाली. थंडी इतकी नाही.

त्या हातांची थरथर मी ओळखतो. मध्येच वाढते, मध्येच —

गाडी बरी झाली. दोष गेला नाही. त्यानं जागा बदलली. मीच तिला तिथं बसवलं, मीच.

२३ डिसेंबर

डॉक्टर म्हणाले अशक्तपणा. गोळ्या दिल्या. मी दिवसभर तिचे हात धरून बसलो. थांबत नाही. माझा हात चालत नाही त्याला.

२४ डिसेंबर

वहिनी आल्या. तिचा हात हातात घेतला. थांबलं. जुईली त्यांच्या मांडीवर झोपली, बाळासारखी. वहिनी दोन वर्षांनी पोटभर जेवल्या, किशोरराव सांगत होते. माझ्याकडे न बघता.

२५ डिसेंबर

ती त्यांच्याकडेच आहे. घरी यायला तयार नाही. वहिनींना आये म्हणते. मला —

मला मिस्त्री म्हणाली.

२६ डिसेंबर

बॅग भरली. बार्शीला नेणार. किशोररावांच्या ओट्यावर दोघी बसल्यात, हातात हात. जुईली, चल, म्हणालो. तिनं वहिनींना विचारलं, आये, हे मिस्त्री कुणाला बोलवत्यात? वहिनी रडत होत्या, पण हात सोडत नव्हत्या. एकदा सोडला होता ह्यांनी, मिस्त्री, म्हणाल्या, आता न्हाई सोडायची.

वही घेऊन इथंच बसलोय, त्यांच्यासमोर. लिहून ठेवतो, कुणी विचारलं तर असावं. ही माझी मुलगी. नाव जुईली दयानंद. जन्म बार्शीचा. आईचं नाव मेधा. उजव्या मनगटावर लहानपणी सायलेन्सरला भाजल्याची खूण आहे, रुपयाएवढी. आत्ता तिचं मनगट वळवून पाहतोय — खूण नाही —