सतरा तारखेचा ठिपका

३ ऑक्टोबर

चि. सेकंदकाटा हिस,
अ. उ. आ.

तुझा हट्ट शेवटी मान्य. तीन जिने चढताना गुडघे माझ्याशी उभा दावा मांडतात, आणि दुकान बंद केल्यापासून मी आणि भिंतीवरची घड्याळं एकमेकांची तोंडं बघत बसतो. तेव्हा तुझ्याकडेच राहायला येतो. आता पुतणीची बोलणी खायची एवढंच काय ते राहिलंय.

खोली सोडायची तर मालकीणबाईंना लेखी कळवायला हवं. तुला माहीतच आहे, त्या निवृत्त सिस्टर. तोंडी सांगितलेलं औषधसुद्धा त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. मी डोळ्याला भिंग लावून सगळं आयुष्य काढलं, पण तो भाडेकरार काही वाचला नाही. तू ऑफिसात दिवसभर असलीच पत्रं टाइप करतेस, एक मसुदा धाड. तारीख तेरा नोव्हेंबर घाल. तेराच का, ते विचारू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे, ओरडा कमी कर.
तुझा काका

६ ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

मसुदा सोबत आहे. तुमच्या सुंदर अक्षरात उतरवा. वर तारीख, मग तुमचं नाव आणि खोलीचा पत्ता, मग कोणत्या दिवशी खोली सोडणार ते स्पष्ट शब्दांत. "जमलं तर", "बहुतेक" असलं काही लिहू नका. दोन प्रती काढा आणि एकीवर सिस्टरबाईंची पोचसही घ्या. नुसतं दाराखाली सरकवून पळून येऊ नका, तुमची सवय मला ठाऊक आहे.

तेरा तर तेरा! बारानंतर तेरा वाजवणारा घड्याळजी मी पहिलाच पाहिला.

तुमची खोली झाडून, खिडकी पुसून ठेवली आहे. मायेचा हात डोक्यावर असू द्या, कान पिळायला वापरू नका.
तुमची सेकंदकाटा

११ ऑक्टोबर

चि. सेकंदकाटा हिस,
अ. उ. आ.

नोटीस काल दिली. सिस्टरांनी उभ्याउभ्या वाचली, सही केली आणि सहीखाली वेळसुद्धा टाकली, चार वाजून दहा मिनिटं. त्यांचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, पण मी बोललो नाही.

मग घरी येऊन प्रत पुन्हा वाचली आणि माझं धाबं दणाणलं. तुझ्या मसुद्यात शेवटचं वाक्य आहे, "जागा घेतली त्या स्थितीत परत देईन." अगं बाई, मी सही करून बसलो! आणि ती स्थिती तर अकरा वर्षांपूर्वीच गेली.

तू इतके वेळा येऊन त्या सतरंजीवर बसलीस, तिच्याखाली काय आहे ते तुला कधी सांगितलं नाही. तुझी काकू अंथरुणाला खिळली त्या वर्षी खिडकीच्या झडपेच्या लाकडातली एक गाठ निखळून पडली आणि भोक पडलं. त्यातून दुपारी फरशीवर उन्हाचा कवडसा पडायचा. काकूला पडल्यापडल्या बघायला तेवढंच. एक दिवस म्हणाली, बाराच्या ठोक्याला कवडसा कालच्या जागी नाही, तुमचं घड्याळ चुकतंय. मला, घड्याळजीला! मी म्हटलं, सूर्य चुकत असेल, माझं घड्याळ नाही. झालं, पैज लागली. तबकडीचे आकडे रंगवायच्या काळ्या रंगाने मी रोज बरोबर बाराला कवडशाच्या मध्यावर ठिपका देऊ लागलो. बाराला पाच कमी असताना ती पलंगावरून हुकूम सोडायची, "उचला सतरंजी."

जानेवारीत सुरू केलं. सतरा नोव्हेंबरला बारा वाजायच्या आत ती गेली. उरलेले दिवस आणि ढगाळ दिवस मी पुढच्या वर्षांत भरून काढले. सतराला मात्र मी दर वर्षी सकाळीच बाहेर पडतो आणि दुपार उलटल्यावर परततो. आता कळलं तेरा का.

फरशीवर मोठा आठ झालाय. आता तो घासून काढायला हवा, सही केली आहे.

रागावलीस तरी विसरू नकोस.
तुझा काका

२१ ऑक्टोबर

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुमच्याकडून निघाल्यापासून मला धड काही सुचत नाहीये. काल ऑफिसात एकाच पत्रावर दोनदा तारीख टाइप केली.

तुम्ही आठ लिहिलंत आणि मी बावळट मराठी आठ डोळ्यांपुढे आणत होते. सतरंजी उचललीत आणि बघते तो इंग्रजी आठ, खिडकीशी लहान पोट आणि आत पलंगापर्यंत मोठं! टोकांना ठिपके दाटीवाटीने, मधे दोन-दोन बोटं लांब. मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. मग बारा वाजले आणि तो कवडसा हळूच येऊन अगदी त्या दिवसाच्या ठिपक्यावर बसला. काका, माझ्या अंगावर काटा आला. एवढा मोठा सूर्य, आणि तुमच्या खोलीत येऊन सांगितल्या जागी बसतो! मी चपला बाहेर काढल्या होत्या तरी पाय आणखी मागे घेतले.

पैज कोण जिंकलं, विचारलं तर तुम्ही म्हणालात की दोघंही. घड्याळ सरळ चालतं, सूर्याची चाल थोडी मागेपुढे असते. हे काकूला सांगायचं राहून गेलं, म्हणालात आणि भिंग पुसत बसलात. नोव्हेंबरातली ती एक रिकामी जागा मीही पाहिली.

तुमचा घासकागद आणि रंग काढायची बाटली मी पिशवीत घालून घेऊन आले आहे. परत मिळणार नाही. चूक माझ्या मसुद्याची आहे. सिस्टरबाईंना वर बोलवा आणि खरं ते दाखवा.

माया करत राहा, माझी तुमच्यावर आहेच.
तुमची सेकंदकाटा

२८ ऑक्टोबर

श्री. घड्याळजी यांस,
स. न. वि. वि.

आपली १० ऑक्टोबरची नोटीस मिळाली. काल दुपारी बारा वाजता जागेची पाहणी केली. नोकरीत जन्म पाहिले, मृत्यू पाहिले, पण असं पाहिलं नव्हतं.

आता कामाचं. आपली नोटीस नियमात बसत नाही. करारानुसार एक महिन्याची मुदत पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून मोजायची असते. त्यामुळे आपलं भाडेकरूपण तेराला नाही, तीस नोव्हेंबरला संपतं. तोवर खोली आपली आणि तिची जबाबदारीही आपली.

दुसरं, फरशी घासायची नाही. झडपेचं भोक बुजवायचं नाही. पुढच्या भाडेकरूच्या करारात मी तसं लिहून घेणार आहे.

तिसरं, पाहणीत एक ठिपका कमी आढळला. त्या दिवशी नाडी धरून मीच बसले होते, म्हणून तारीख मला विचारावी लागली नाही. अर्धवट काम मी वॉर्डात कधी ताब्यात घेतलं नाही, इथेही घेणार नाही. सतराला पावणेबाराला वर येईन. आपण घरी असावं.

शेजार होता तसाच मनात ठेवावा.
आपली घरमालकीण

१७ नोव्हेंबर

चि. सेकंदकाटा हिस,
अ. उ. आ.

सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. मला मनातून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हटलं, सुटलो. सिस्टर पावणेबाराला आल्या आणि पलंगाशेजारी त्याच खुर्चीवर बसल्या, जिच्यावर काकूची नाडी धरून बसल्या होत्या. ऊन नाही, मी म्हणालो. अजून वेळ आहे, त्या म्हणाल्या. मी हातात कुंचला घेऊन नुसता उभा.

बाराला पाच कमी असताना मागून आवाज आला, "उचला सतरंजी."

सिस्टरच बोलल्या, दुसरं कोण बोलणार. पण माझ्या हातून सतरंजी कधी उचलली गेली ते मला कळलं नाही. आणि अगं, आभाळ फाटलं! कवडसा आला आणि त्या रिकाम्या जागेवर नेमका बसला, अकरा वर्षं जागा धरून ठेवल्यासारखा. बाराचे ठोके पडले. कुंचला जरा जास्तच वेळ टेकवून ठेवला, म्हणून ठिपका बाकीच्यांपेक्षा जरा मोठा झालाय.

मग पलंगाकडे बघून मी मोठ्याने सांगितलं, दोघंही बरोबर होतो. सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

तीस तारखेला ये. सतरंजी इथेच ठेवतो, पुढच्याला लागेल.
तुझा काका