काचेतल्या गाठी

३ मार्च
आज दुकान उघडलं. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. टाय, बेल्ट, कफलिंक, खिशाचे रुमाल — सगळं जागच्या जागी. समोरच्या काचेत गाठ मारून लावलेले टाय. ह्यांच्या हातच्या गाठी! सेल्समनला बजावलं, हे टाय विकायचे नाहीत, हातही लावायचा नाही.
"बरं, वहिनी," म्हणाला. नजर मात्र चुकवली.

५ मार्च
गिऱ्हाईक बेताचं. एकाने विचारलं, "मुलाखतीला घालतोय. नोकरी नाही लागली तर टाय परत घ्याल का?"
सेल्समन म्हणाला, "लागली तरी परत याल, साहेब. घरी गाठ जमायची नाही!"
मला हसू येत होतं. आवरलं.

८ मार्च
निळ्या टायची गाठ काल तिरकी होती. आज सरळ. भास असेल.

९ मार्च
भास नाही! तपकिरी टायचीही बदलली. ह्यांनी बांधलेले टाय सेल्समन विकतो आणि तसलेच दुसरे बांधून ठेवतो. दुसरं काय असणार?
मोठ्या वन्संना फोन केला. "अगं, मऊ लागलं की लोक कोपरानं खणतात. काढून टाक त्याला!"

१२ मार्च
मुद्दाम लवकर गेले. रस्त्यावरूनच पाहिलं — हा करड्या टायची गाठ सोडत होता. एका झटक्यात टाय मोकळा.
आत जाऊन नको ते बोलले.
"वहिनी, गाठ फार दिवस राहिली तर रेशमाला चुण्या पडतात. दर आठवड्याला सोडून बांधावीच लागते."
"पडू देत चुण्या. उद्यापासून येऊ नका."
किल्ली काउंटरवर ठेवून गेला. भांडला नाही. खरा असता तर भांडला असता ना?

१३ मार्च
एक जुनं गिऱ्हाईक आलं. टाय घेतला आणि इकडे तिकडे बघत राहिलं. "तुमचा तो माणूस कुठे गेला? गाठ तोच मारून द्यायचा. दादांचे हात फार कापायचे हो शेवटी."
कापायचे? ह्यांचे हात घरी तर सदा खिशात असायचे.

१४ मार्च
सेल्समनच्या घरी गेले. दारातच विचारलं.
"सगळ्या गाठी माझ्याच, वहिनी. वर्ष झालं. घरी कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती दादांनी."
किल्ली त्याच्या हातात दिली.
वर्षभर हे दुकानातच जेवून यायचे. कोण भरवत होतं, ते विचारलं नाही.